जळालेला कंट्रोलर आणि स्वच्छ हातांची माणसे

स्वस्तातल्या इलेक्ट्रिक दुचाकीचा कंट्रोलर जळाला, तर नवा बसवायला जाणत्या माणसाला तास-दीड तास लागतो. साधा कंट्रोलर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो, मजुरी वेगळी. एवढ्यावर भागणाऱ्या कामासाठी आमच्या महाळुंग्यात गाड्या आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहतात आणि त्या गाडीवर ज्याची चूल पेटते तो माणूस तेवढे दिवस बिनकमाईचा बसतो. त्या दिवसांचा हिशेब कंपनी मांडत नाही, सरकार मांडत नाही, आणि ज्यांच्या दारात तो रोज पिशवी घेऊन उभा असतो ते आपण तर नाहीच नाही. यंत्र म्हटले की बिघडायचेच, असे म्हणून मोकळे होता येते. पण बिघडलेले यंत्र तासाभरात सुरू होऊ शकत असताना पंधरा दिवस पडून राहते, तेव्हा खोट यंत्रापाशी उरत नाही. ती आपल्यात आहे आणि ती उघडपणे सांगायला हवी.

हे महाळुंगे मुळशी तालुक्यातले, मुळेकाठचे; चाकणजवळचे म्हाळुंगे इंगळे वेगळे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीच्या शिवेवर शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. पलीकडे हिंजवडीत आयटी पार्क आले. मग इथल्या रानांवर वीस-वीस मजले चढले. 2021 च्या जूनअखेर ज्या 23 गावांचा पुणे महापालिकेत समावेश झाला, त्यांत महाळुंगेही होते. आता संध्याकाळी सातनंतर कुठल्याही मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकाशी उभे राहून बघा. पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेली पोरे, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, घरकाम उरकून वस्तीकडे निघालेल्या बाया. यांतल्या कितीतरी जणांच्या बुडाखाली तीच गाडी असते: बारीक चाकांची, नंबरप्लेट नसलेली, आवाज न करणारी.

नंबरप्लेट नसते, कारण कायद्याने ती लागत नाही. मोटरची ताकद 250 वॉटपर्यंत, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर त्या गाडीला नोंदणी नको, चालवणाऱ्याला परवाना नको. परवाना काढायला दोन दिवसांचा रोज बुडवणे ज्याला परवडत नाही आणि पेट्रोलचा भाव ज्याला रोज बोचतो, त्याच्यासाठी ही सवलत मोठी आहे. सवलतीची दुसरी बाजू अशी, की सरकारच्या 'वाहन' नोंदणीत ही गाडी येतच नाही. इलेक्ट्रिक वाहनांच्या वाढीचे आकडे दर महिन्याला छापून येतात, त्यात ही धरलेली नसते. जी मोजलीच जात नाही, ती बंद पडली तरी कोणाच्या तक्त्यात खाडा पडत नाही.

नांदे रस्त्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधले एक गॅरेज आहे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी लातूरकडचा एक मुलगा गाडी ढकलत तिथे आला, तेव्हा मी तिथेच होतो. मुलगा घामाने आणि पावसाने सारखाच भिजलेला. गाडी नुसती बंद नव्हती, ढकलायलाही हटवादीपणा करीत होती. "मोटर जाम झाली वाटतं, भाऊ," तो म्हणाला. मेकॅनिकने मागच्या चाकाला हात लावून पाहिला आणि मान हलवली. "मोटरला काय नाही झालेलं. थांब जरा." आधी त्याने बॅटरीची जोडणी काढली. मग पायदानाखालचे झाकण उघडले, मोटरकडे जाणाऱ्या पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या अशा तीन जाड तारा सोडवल्या आणि चाकाला टिचकी मारली. चाक भिंगरीसारखे फिरले.

यात जादू काही नाही. बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहते. चाकातल्या मोटरला मात्र ती तीन तारांतून, आळीपाळीने, चाक त्या क्षणी कुठे आहे त्या हिशेबाने लागते. चाक कुठे आहे ते मोटरमधले हॉल सेन्सर सांगतात आणि वीज वाटण्याचे काम कंट्रोलरमधले मॉस्फेट नावाचे स्विच करतात, सेकंदाला हजारो वेळा. यांतला एक जरी मॉस्फेट शॉर्ट झाला, तरी मोटरच्या तारांना परस्पर जोडणारी वाट तयार होते. मग गाडी ढकलली की मोटर स्वतःच वीज बनवते आणि तीच वीज चाकाला मागे ओढते. दिवसभर ज्या गाडीने त्या पोराला वाहिले, ती संध्याकाळी त्याच्याच विरुद्ध जोर लावत होती.

मेकॅनिकने मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवला. काळी पिन कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या लाल तारेला, लाल पिन एकेका फेजला, म्हणजे त्या तीन जाड तारांकडच्या टोकांना. पिवळीवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला, हिरवीवर तसाच. निळीवर मीटर शून्यावर जाऊन पीं करत राहिला. "हा गेला," तो म्हणाला. त्याने चार स्क्रू काढून अॅल्युमिनियमची पेटी उघडली. एका कोपऱ्यात हिरवट गंज आणि मॉस्फेटच्या पाठीवर बोटाच्या नखाएवढा काळा डाग. तारा जिथून आत जातात तिथे सीलबंदीच्या नावाखाली गोंदाचा एक ठिपका होता, तोही सुटलेला. पायदानाखाली, म्हणजे पुढच्या चाकाचे पाणी थेट जिथे उडते तिथे, ज्याने ही पेटी ठेवली त्याने पुणे जिल्ह्याचा पाऊस पाहिला नसावा, किंवा पाहूनही गाडी दुसऱ्याच कोणाच्या नशिबी जाणार आहे हे त्याला ठाऊक असावे. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

कंपनीच्या सेवाकेंद्राला मुलाने फोन आधीच केला होता. उत्तर ठरलेले: माल वरून यायचा आहे, आठ दिवस धरा, पेटी उघडली असेल तर वॉरंटी नाही. मेकॅनिकने दुसरी वाट सांगितली, पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजाराची. "नाना पेठेतून लोकल आणतो. गाडी पळंल, पण तुझा मीटर चालणार नाही. वेग, बॅटरी, काही दिसणार नाही." कारण कंपनीचा कंट्रोलर आणि कंपनीचा मीटर एकमेकांशी आपल्याच सांकेतिक भाषेत बोलतात, तिसऱ्याला त्यात जागा नाही. म्हणजे पंधरा हजारांची मजुरी करणाऱ्या माणसापुढे निवड अशी: आठ दिवस उपाशी गाडी, नाहीतर आंधळी गाडी. त्याने आंधळी घेतली. तो दुसरे काय घेणार होता?

आता या जळण्याची कारणे बघू, कारण आपली सही तिथे आहे. पाणी एक. दुसरे, उष्णता. 250 वॉटची मोटर 48 व्होल्टवर सपाट रस्त्यावर पाच-साडेपाच अँपिअर ओढते. चढावर, ओझ्यासह, हा आकडा तिप्पट होतो. आणि चढ कुठला? आपल्याच संकुलाच्या तळघराचा. पुढच्या फाटकातून, कारंज्याच्या शेजारून, या गाड्या आलेल्या आपल्याला चालत नाहीत. सौंदर्याला बाधा येते. म्हणून त्यांना मागच्या फाटकाने तळघरात धाडले जाते आणि परत निघताना तो उभा उतार चढून यावा लागतो. चाक जवळजवळ थांबलेले आणि मॉस्फेटमधून पूर्ण करंट वाहतो आहे, ही कंट्रोलरसाठी सगळ्यांत वाईट घडी. ही घडी आपण ठराव करून दिवसाला अनेक वेळा आणतो.

तिसरे कारण वेग, आणि इथे तर आपल्या ढोंगाला सीमा नाही. कायदा म्हणतो ताशी 25. दहा मिनिटे न थांबता, एकही सिग्नल, खड्डा, म्हैस किंवा काँक्रीटचा ट्रक आडवा न येता ही गाडी पळाली तर जेमतेम चार किलोमीटर जाते. त्यात सामान भरणे, फाटकावरची नोंद, लिफ्टची वाट यांना शून्य मिनिटे धरलेली आहेत. बालेवाडी-महाळुंगे रस्त्यावरून संध्याकाळी एकदा गेलेल्या माणसाला हे गणित शिकवायला नको. तरी कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत हवी आणि अकराव्या मिनिटाला तक्रार करायची. मग पोरगा गॅरेजवाल्याला म्हणतो, "स्पीड खोलून दे." कंट्रोलरची एक बारीक तार कापली किंवा जोडली की मर्यादा उठते. गाडी 35-40 ने पळते, मॉस्फेट तापतात, आणि ही गाडी आता कायद्याने विनापरवाना, बिननोंदणीची मोटरसायकल ठरते. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा वाढीव वेगाच्या गाड्यांवर कारवाईचे आदेश काढले ते योग्यच होते. पण नाक्यावर गाडी कोणाची अडवली जाते? दहा मिनिटांचा वायदा करणाऱ्याची नाही आणि तो वायदा मागणाऱ्याची तर नाहीच.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था 1966 पासून आहे. नोंदणीतून सूट मिळवायची तर 25 किलोमीटरच्या गाडीलाही मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेचे प्रमाणपत्र लागते. मोटर किती वॉटची, वेग किती, हे तपासले जाते. तिसऱ्या वर्षी या गाडीचा कंट्रोलर कुठे मिळेल, हा प्रश्न मात्र कुठल्याच तपासणीत नाही. प्रमाणपत्र विक्रीच्या दिवसापुरते असते. पुढचे आयुष्य गिऱ्हाइकाचे आणि त्याच्या नशिबाचे.

असे होऊ नये म्हणून कायद्याची चाके हललीच नाहीत असेही नाही. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात न देऊन ग्राहकांना आणि स्वतंत्र गॅरेजांना कोंडीत पकडल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 च्या ऑगस्टमध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला; पुढे अपिले झाली. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने असे चार विषय तिच्याकडे दिले. त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टलही सुरू झाले. 2024 मध्ये कोणती वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती आली, तिचा भर मोबाइल आणि घरातल्या उपकरणांवर. मोटारवाल्याचे गाऱ्हाणे आयोगापर्यंत गेले, मोबाइलवाल्याचे समितीपर्यंत. पायदानाखालच्या अॅल्युमिनियमच्या पेटीपर्यंत यांतले काही उतरले का, हे त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन विचारा.

आणि पैसा? तो कोणीकडे वाहिला ते बघण्यासारखे आहे. केंद्राची फेम-2 योजना 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2024 अशी पाच वर्षे चालली. दुचाकीला अनुदान हवे तर तिचा वेग किमान ताशी 40 किलोमीटर आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला किमान 80 किलोमीटर हवा, अशी अट होती. आधी बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे 10 हजार रुपये मिळत. जून 2021 मध्ये ते 15 हजार झाले, गाडीच्या कारखाना-किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. जून 2023 मध्ये पुन्हा 10 हजार आणि 15 टक्के. म्हणजे लाखाची स्कूटर घेणाऱ्या आयटीतल्या नोकरदाराला सरकारने हजारोंनी हात दिला, आणि 25 किलोमीटरची गाडी घेणारा रखवालदार अटीतच बसला नाही. अटीमागे कारण होते, ते मी नाकारत नाही: हलक्या प्रतीच्या, शिशाच्या बॅटरीच्या गाड्यांना सरकारने पैसे का द्यावेत? पण हलकी गाडी गरीब हौसेने घेत नाही. त्याला चांगली परवडावी म्हणून कोणती योजना आली? आणि ज्यांना अनुदान दिले त्यांतल्या सात कंपन्यांनी देशी भागांचे नियम मोडल्याचा ठपका ठेवून सुमारे 469 कोटी रुपये परत मागण्याची वेळ 2023 मध्ये सरकारवर आली.

करांचा न्यायही असाच. 1 ऑगस्ट 2019 पासून नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के. तीच गाडी जगवायला लिथियम बॅटरी सुटी घ्यायला गेलात तर 18 टक्के. नवी घेणाऱ्याचे कौतुक, जुनी चालवणाऱ्याला दंड.

1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. महसूल येतो रयतेच्या कष्टातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. हे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, असा त्या निवेदनाचा रोख होता. विषय शाळांचा होता, पण ओघ तोच आहे. पिशवी वाहणारा पोरगाही काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर भरतोच. जोतीरावांच्या तसबिरीला आपण एप्रिलमध्ये हार घालतो. त्यांचा हिशेब तपासायला बसलो, तर हार घालणारे हात थोडे थरथरतील.

पण कंपनी आणि सरकार यांच्यावर तोंडसुख घेऊन मध्यमवर्गाने सुटू नये. मुळाशी जुना रोग आहे: ज्याच्या हाताला तेल लागते त्याला आपण माणसांत कमी धरतो. वाहन घेताना रंग विचारतो, पल्ला विचारतो, मोबाइलवर नकाशा दिसतो का विचारतो. हे दुरुस्त कोण करील हे विचारत नाही, कारण दुरुस्त करणारा माणूस आपल्या विचारविश्वातच नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची वाटणी नाही, ती श्रम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले. ती उतरंड गावच्या वेशीवर राहिली असे समजणाऱ्याने आपल्या संकुलातली लिफ्ट बघावी. शहरातल्या कित्येक उंच इमारतींत सामान आणणाऱ्यांसाठी, कामवाल्यांसाठी लिफ्ट वेगळी असते. 1927 साली महाडच्या तळ्यावर माणसांना पाण्यासाठी हक्क सांगायला जावे लागले. आज लिफ्टच्या दाराला चिकटवलेला कागद वाचून आपल्याला काही आठवत नाही. कागदावर स्वच्छतेचे कारण असते. महाडलाही कारण शुद्धतेचेच होते.

किर्लोस्करांचे नाव मात्र आपण अभिमानाने घेतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, आणि त्या घराण्याच्या उद्योगाचे मूळ आहे 1888 साली बेळगावात काढलेल्या सायकलींच्या दुकानात. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन बिघडते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती, म्हणून तो कोणी घेईना. दम धरून ती समजूत मोडावी लागली. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आता आपल्या ओळखीच्या घरात दहावीला 90 टक्के मिळवलेल्या मुलाने सांगून बघावे, की मी औंधच्या आयटीआयमध्ये जाऊन इलेक्ट्रिक वाहनांचे काम शिकतो आणि महाळुंग्यात दुकान टाकतो. आई रडेल, वडील बोलणे सोडतील, मामा समजूत काढायला येईल. लोखंडी नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मग या मामाला काय म्हणायचे?

परिणाम समोर आहे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांना तोटा नाही, आणि मॉस्फेट शॉर्ट आहे की नाही हे मीटरने ओळखणारा माणूस शोधायला पोरगा पावसात गाडी ढकलत फिरतो. जो ओळखतो, तो आठवीत शाळा सोडून उस्तादाच्या हाताखाली शिकला. त्याच्या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही, म्हणून बँकेत किंमत नाही, म्हणून चार सुटे कंट्रोलर आधीच आणून ठेवायला भांडवल नाही, म्हणून प्रत्येक वेळी नाना पेठेची फेरी आणि पोराचा आणखी एक दिवस बुडाला. पदवीधर मुलाला मात्र हिंजवडीत त्याच मोटरचे चित्र पडद्यावर काढायचे पैसे मिळतात.

तरी गॅरेजवाल्यांना हार घालायचे कारण नाही. त्यांच्यातही हात मारणारे आहेत, आणि विजेच्या कामातला हात जीवावर येतो. कंट्रोलर का जळाला हे न बघता नवा ठोकायचा, म्हणजे महिन्याने गिऱ्हाईक परत. 48 व्होल्टच्या गाडीला हाताशी आहे म्हणून 60 चा कंट्रोलर लावायचा. वीज तोडण्याची त्याची पातळी, म्हणजे कट-ऑफच वेगळा, बॅटरीच्या संरक्षणाचे गणित कोलमडते. जादा करंट तोडणारी एमसीबी सारखी पडते म्हणून ती काढून तार सरळ जोडायची, वर काळी टेप गुंडाळायची. हे तर उघड पाप आहे. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. ती मोठी, नोंदणीकृत गाडी होती, म्हणून चौकशी झाली, बॅटरीचे नियम कडक झाले. टेप गुंडाळलेली एखादी बिननंबरची गाडी चाळीच्या जिन्याखाली रात्री चार्जिंगला लावलेली असते, आणि वर माणसे झोपलेली असतात.

शेडमधल्या मेकॅनिकने मात्र काम नेटके केले, तेही सांगतो, कारण चांगले काम कसे दिसते हे आपण विसरत चाललो आहोत. नवा कंट्रोलर त्याने व्होल्ट आणि अँपिअर वाचून घेतला होता. हॉल सेन्सरच्या पाच बारीक तारा, लाल-काळी पाच व्होल्टची आणि बाकी तीन खुणांच्या, त्याने एकेक तपासल्या. मोटरमधला सेन्सर गेलेला असता तर नवा कंट्रोलर लावूनही गाडी हिसके देत राहिली असती. सैल पडलेले फेजचे जोड कापून नवे दाबले. बॅटरी जोडताना ठिणगी उडाली, पोरगा दचकला. "कपॅसिटर भरतोय, घाबरू नको." कंट्रोलरला मोटरची ओळख करून देणाऱ्या 'लर्निंग'च्या दोन तारा जोडल्या, चाक आपोआप फिरू लागले, उलटे. तारा सोडून पुन्हा जोडल्या, चाक सुलट्या दिशेने फिरले. तारा कायमच्या वेगळ्या करून गुंडाळल्या. तारांची तोंडे सिलिकॉनने भरली. मग त्याने पेटी पायदानाखाली न बसवता सीटखाली वर घेतली, त्यासाठी तारा वीतभर वाढवल्या. कंपनीच्या आराखड्यातली चूक आठवी शिकलेल्या माणसाने पाऊण तासात दुरुस्त केली होती. मजुरी मागितली 400 रुपये. आणि पोरगा तेवढ्यावरही घासाघीस करू लागला, कारण त्याच्या खिशात तेवढेच होते. तुमच्याआमच्या घरी वातानुकूलन यंत्र पुसायला येणारा याहून जास्त घेतो आणि आपण गुमान देतो.

आता वाचकाला काही कामे सांगतो. ही गाडी तुम्ही घेत असाल, घरातल्या मदतनीस बाईला किंवा रखवालदाराला घेऊन देत असाल, तर दुकानदाराला पल्ल्याच्या आधी हे विचारा: कंट्रोलर सुटा मिळतो का, किती रुपयांना, किती दिवसांत, आणि बिलावर तसे लिहून देता का? लिहून देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. वॉरंटीतली गाडी कंपनीने अडकवून ठेवली असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तो पोरगा स्वतः जाणार नाही. त्याला त्या दिवसाचा रोज बुडवता येत नाही. त्याचा अर्ज लिहून देणे, कागद जोडून देणे, एवढे इंग्रजी आपल्याला येते ना? मग ते एकदा त्याच्या कामी येऊ द्या.

आणि दुसरे काम घरातच आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आपल्या संस्थेच्या सचिवाला आत्ताच लेखी पत्र द्या आणि विषयपत्रिकेवर तीन विषय घाला: सामान आणणाऱ्यांच्या दुचाकींना तळमजल्यावर, पुढच्या फाटकाने जागा, लिफ्टवरचा कागद काढणे, आणि आवारात एक आडोसा, एक सुरक्षित प्लग, जिथे गाडी बंद पडलेल्या माणसाला मेकॅनिक बोलावून ती दुरुस्त करता येईल. सभेत विरोध होईल, घाण होईल असे कोणीतरी म्हणेलच. म्हणणाऱ्याचे नाव इतिवृत्तात नोंदवून घ्या.